स्टेम सेल ट्रान्सप्लांटनंतरचे शंभर दिवस : जोडीदाराने काय करावे

स्टेम सेल म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी. त्यांची पिशवी सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून, चढवायला बहुधा तासभरही लागत नाही. दिसायला ते रक्त चढवण्यासारखेच. कठीण असते ती त्याआधीची जोरदार केमो आणि नंतरचे आठवडे, आणि त्यातला मोठा काळ घरच्या माणसाच्या नजरेखाली जातो. रुग्णालयात पेशी चढवल्याचा दिवस शून्य धरतात आणि तिथून एक, दोन, तीन असे शंभरपर्यंत मोजतात. तुमच्या वहीतही हेच आकडे लिहा. फोनवर 'आज अकरावा दिवस' म्हटले की पलीकडच्या डॉक्टरांना निम्मी माहिती तिथेच मिळते.

सुरुवातीलाच एक गोष्ट नीट समजून घ्या : ट्रान्सप्लांट ऑटोलोगस आहे की ॲलोजेनिक. मायलोमा आणि लिम्फोमात बहुधा रुग्णाच्याच पेशी काढून, गोठवून परत देतात, ते ऑटोलोगस. ल्युकेमिया किंवा अप्लास्टिक ॲनिमियात दात्याच्या पेशी देतात, ते ॲलोजेनिक. ऑटोलोगसमध्ये पांढऱ्या पेशी साधारण दहा ते चौदा दिवसांत वर येतात आणि माणूस तीन ते सहा महिन्यांत बराचसा सावरतो. ॲलोजेनिकमध्ये पेशी रुजायलाच दोन ते चार आठवडे लागतात आणि पूर्ण सावरायला वर्ष किंवा जास्त. त्यामुळे 'फोंड्यातल्या अमक्याचा नवरा दोन महिन्यांत दुकानावर बसला' ही तुलना कुणी केली, तर ऐकून सोडून द्या.

राहायचे कुठे आणि कागद कोणते

गोव्यातली पुष्कळ कुटुंबे ट्रान्सप्लांटसाठी मुंबईला जातात. डिस्चार्ज मिळाला म्हणून लगेच मडगावची गाडी पकडायची नसते. केंद्रापासून अर्ध्या ते एक तासाच्या अंतरावर राहायला सांगतात : ऑटोलोगसला काही आठवडे, ॲलोजेनिकला बहुधा शंभराव्या दिवसापर्यंत. खोली भाड्याने घेताना स्वतंत्र संडास-बाथरूम आणि स्वयंपाकाची सोय पाहा. भिंतीला ओल नको आणि शेजारी बांधकामही नको. बांधकामाच्या धुळीत ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात. निरोगी माणसाला त्यांचा त्रास होत नाही, पण या रुग्णाच्या फुप्फुसात ते रुजतात.

गोवा मेडिक्लेम आणि दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना या दोन्हींबद्दल भरती होण्याआधीच चौकशी करा. मंजुरीचे पत्र मागाहून मिळवणे फार जड जाते.

गोव्यात परतण्याआधी केंद्राकडून एक पानाचे पत्र घ्या : कोणता ट्रान्सप्लांट, कोणत्या तारखेला, चालू औषधे, कशाची ॲलर्जी, आणि ठळक अक्षरांत 'फक्त इरॅडिएटेड रक्त' (म्हणजे किरणांची प्रक्रिया केलेले). त्याची छायाप्रत पाकिटात, दुसरी गाडीत. रात्री दोन वाजता बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत जावे लागले तर हे पत्र आधी पुढे करा आणि रुग्णाला गर्दीच्या बाकावर बसवू नका. काणकोणसारख्या ठिकाणी राहत असाल तर पावसात बांबोळी गाठायला दीड तास सहज लागतो. गाडी कोण चालवणार, न मिळाल्यास १०८ ला फोन कोण करणार, हे आजच ठरवा.

घर

साफसफाई रुग्ण परतण्यापूर्वी किमान दोन दिवस आधी संपवा. रुग्णाने त्यात हात घालू नये. गोव्यात खरा शत्रू ओल. पावसाळ्यात कपाटाच्या पाठी, चामड्याच्या बॅगा, जुन्या गाद्या पांढऱ्या-हिरव्या होतात. बुरशी चढलेली गादी उन्हात टाकून परत आणू नका, काढूनच टाका. भिंत ब्लीचच्या पातळ द्रावणाने पुसून घ्या, एसीचे फिल्टर धुवा. केरसुणीने धूळ उडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसा. कौलारू घर असेल तर शाकारणी रुग्ण घरात असताना करू नका. कौले हलली की वर्षांची धूळ थेट अंथरुणावर येते.

फुलांचे गजरे, फुलदाणीतले पाणी, कुंड्यांची माती खोलीबाहेर. बागकाम वर्षभर बंद. चिखलात आणि साचलेल्या पाण्यात अनवाणी चालणे तर नकोच : लेप्टोस्पायरोसिस आणि मेलिऑयडोसिस या दोन्हींचे जंतू तिथून शिरतात. सत्तरीकडे काजूच्या बागायतीत गोचिडांमुळे माकडतापही होतो. रुग्णाला बोंडू गोळा करायला नेऊ नका आणि बागेतून आलेल्या माणसाने कपडे बदलून मगच खोलीत यावे. मच्छरदाणी रोज लावा. प्लेटलेट मुळातच कमी असलेल्या माणसाला डेंग्यू झाला तर निदानही अवघड आणि उपचारही.

थर्मामीटर आणि वही

सगळ्यात मोठी चूक 'सकाळपर्यंत बघू' ही. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असताना ताप आला तर पहिले अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून जावे, असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. या माणसाला पू होत नाही, सूज येत नाही, खोकलाही कधीकधी येत नाही, कारण ते सगळे घडवणाऱ्या पेशीच नसतात. ताप ही एकच खूण हाती असते, आणि स्टेरॉइड चालू असतील तर तीही दबते.

डिजिटल थर्मामीटर घ्या, पाऱ्याचा नको. तोंडात किंवा काखेत लावा, गुदद्वारात कधीच नाही. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी मोजा आणि अंगात कणकण वाटली की पुन्हा. ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट दिसले की फोन. त्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, आकडा खाली येतो आणि जंतू तिथेच राहतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन घरातल्या डब्यातून काढूनच टाका. प्लेटलेट आणि मूत्रपिंड दोन्हींना ते वाईट.

तापाशिवायही लगेच फोन करायच्या गोष्टी :

- लाइन फ्लश केल्यावर अर्ध्या-एक तासात हुडहुडी. जंतू लाइनमध्येच बसले असण्याची शक्यता.
- नाकातून दहा मिनिटे दाबूनही न थांबणारे रक्त, काळी शौच, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके.
- धाप, गोंधळलेले बोलणे, किंवा लघवी खूप कमी होणे.
- गोळ्या पोटात टिकत नाहीत अशी उलटी.

वहीत रोज सकाळी लघवीनंतरचे वजन, ताप, किती प्यायले, किती वेळा शौचाला गेले, कोणती गोळी किती वाजता, हे पाच रकाने पुरे. जुलाब असतील तर नुसता आकडा उपयोगाचा नाही. खुणा केलेले भांडे ठेवून मिलीलिटर मोजा. दिवसाला ५०० च्या वर गेले तर ॲलोजेनिक रुग्णात तो आतड्यांचा जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला, असू शकतो. हे मोजायला किळस येते, येऊ द्या.

तोंड आणि ताट

मेल्फलान हे केमोचे औषध चढत असताना तोंडात बर्फाचे तुकडे धरायला सांगतात : सुरू होण्याच्या पाचेक मिनिटे आधीपासून संपल्यानंतरही थोडा वेळ. तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचते, फोड कमी येतात. रुग्ण कंटाळतो, तेव्हा तुकडे हातात देणे हे तुमचे काम. गोठवलेल्या पेशी दिल्या असतील तर एक-दोन दिवस अंगाला लसणीसारखा वास येतो. तो गोठवताना वापरलेल्या रसायनाचा. रुग्णाला बहुधा तो जाणवत नाही, तेव्हा नाक मुरडू नका.

तोंड येणे साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात टोकाला जाते आणि पांढऱ्या पेशी वर आल्या की झपाट्याने बरे होते. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून रोज ताजे करा. दिवसातून पाच-सहा वेळा आणि जेवणानंतर चुळा. अल्कोहोल असलेले माउथवॉश नको. गिळताना रडू येण्याइतके दुखत असेल तर डॉक्टर मॉर्फिनसुद्धा देतात. ते मागण्यात कमीपणा नाही.

खाण्यात पेज हा गोव्याचा मोठा आधार. उकड्या तांदळाची मऊ पेज, किंचित मीठ, कोमट. लोणचे आणि सुके मासे मात्र ताटात नकोत. दर दोन तासांनी अर्धी वाटी द्या. भरलेले ताट पाहूनच पोट बंद होते. चव धातूसारखी लागते, आवडीचे हुमणही 'साबण' वाटते. ताटावरून भांडू नका. वजन घसरत असेल तर ते वहीतून डॉक्टरांना कळेल.

काही केंद्रे कच्चे पूर्ण बंद करतात, काहींनी आता ती बंधने सैल केली आहेत; तुमच्या केंद्राची यादी असेल तीच पाळा. पण पुढचे सगळीकडे खरे. तिसऱ्या, शिनाणे, कालवे बंद : शिंपले उघडले की आपण शिजले म्हणतो, पण आतपर्यंत उष्णता पोचलेली नसते. बांगडा, विसवण ताजे आणि पूर्ण शिजलेले चालते. नारळाचे वाटण खळखळून उकळलेले हवे, म्हणून न शिजवलेली सोलकढी आणि वर कच्चे खोबरे घातलेली किसमूर नको. पोदेराचा पाव तव्यावर कडकडीत गरम करून. मिरपूड, चाट मसाला वरून भुरभुरायचा नाही. मसाल्यात बुरशीचे बीजाणू असतात, तो फोडणीतच जाऊ दे. शिजवलेले अन्न गोव्याच्या उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका. विहिरीचे पाणी उकळी फुटल्यावर आणखी किमान एक मिनिट उकळा. देवळातले तीर्थ आणि पंचामृत रुग्णाच्या वतीने तुम्ही घ्या.

शहाळ्याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण तेच घेऊन येतो. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे रक्तातले पोटॅशियम वाढवतात, सेप्ट्रान हे अँटिबायोटिकसुद्धा. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. रिपोर्ट पाहून डॉक्टर हो म्हणाले तरच द्या.

गोळ्या

टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनची पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची. ती बरोबर न्या. घरी गोळी देऊन निघालात तर आकडा फसवा येतो आणि डोस चुकीचा बदलला जातो. एक वेळ राहिली तर दुप्पट देऊ नका, फोन करा. पपनस, माटोळीला बांधतात ते, पूर्ण बंद : ग्रेपफ्रूटसारखेच तेही ही औषधे रक्तात साठवते. काढे, चूर्णे, 'रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी' गोळी यांनाही नम्रपणे नकार. प्रतिकारशक्ती इथे मुद्दाम दाबून ठेवलेली असते.

जीव्हीएचडी

हे ॲलोजेनिकवाल्यांसाठी. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीराला परके समजून त्याच्यावर हल्ला करतात. सुरुवात बहुधा त्वचेवर : तळहात, तळपाय, कानामागे लाली, उन्हाने भाजल्यासारखी जळजळ. मग जुलाब, किंवा डोळे पिवळे होणे. आंघोळीनंतर रोज उजेडात अंग बघा. स्वतःचा पाठचा भाग कुणालाच दिसत नाही. ऊन हा आजार भडकवते, म्हणून बाहेर पडताना पूर्ण बाह्या, टोपी, एसपीएफ ३० किंवा जास्तीचे क्रीम. काही महिन्यांनी डोळे कोरडे, तोंड कोरडे, सांधे आखडलेले वाटले तर 'वयाचे' म्हणून सोडू नका.

रक्त

प्लेटलेटसाठी दात्यांची यादी भरतीआधीच करा, किमान आठ-दहा जण. मित्र, सहकारी, गावचे मंडळ चालेल. पण ॲलोजेनिक ठरले असेल तर ट्रान्सप्लांटपूर्वी सख्ख्या भावंडांचे, आईवडिलांचे रक्त रुग्णाला देऊ नका; शरीर त्यांच्या पेशींविरुद्ध आधीच तयार झाले तर पुढे पेशी रुजण्यात अडथळा येतो. भावनेच्या भरात भाऊ पहिला रांगेत उभा राहतो, त्याला हे समजावून सांगा.

तुम्ही दोघे

स्टेरॉइडवर माणूस रात्रभर जागतो आणि सकाळी क्षुल्लक गोष्टीवरून ओरडतो. तो स्वभाव नव्हे, औषध. थकवा झोपेने जात नाही. रोज पाच-दहा मिनिटे व्हरांड्यात चालणे, मग हळूहळू वाढवणे, एवढेच उपयोगी पडते. नावे विसरणे, हिशोब चुकणेही महिनोन्‌महिने चालते. पैशांचे निर्णय तोवर दोघांनी मिळून घ्या.

मिठी मारायला, हात धरायला, तुम्हाला सर्दी-ताप नसेल तर एकाच खोलीत झोपायला बहुधा हरकत नसते. शारीरिक संबंधांसाठी प्लेटलेट साधारण ५०,००० च्या वर आणि पांढऱ्या पेशी ठीक हव्यात. सुरुवातीला कंडोम वापरा. इच्छा कमी होणे, बायकांमध्ये पाळी बंद होऊन कोरडेपणा येणे हे नेहमीचे आहे, आणि त्यावर उपाय आहेत. डॉक्टर विचारत नाहीत म्हणून तुम्हीही गप्प राहू नका.

तुम्हाला सर्दी झाली तर तुमची जागा घेणारा दुसरा माणूस आधीच शिकवून तयार ठेवा : मेहुणी, दीर, मोठा मुलगा, कोणीही. त्याला वही दाखवा, थर्मामीटर लावून बघायला सांगा. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्या.

चवथ आणि पुढे

शंभर दिवस संपले म्हणून चवथीला सगळे गाव घरात घेऊ नका. माटोळीची रानफळे आणि पाने दोन दिवसांत घामेजून बुरशी धरतात. रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवा, आरतीला दारातून, मास्क लावून. लहानपणी घेतलेल्या लशींचे संरक्षणही बरेचसे पुसलेले असते. निर्जीव लशी साधारण सहाव्या महिन्यापासून पुन्हा सुरू करतात. गोवर-गालगुंड-रुबेला यांसारख्या जिवंत लशी दोन वर्षांनंतर, तेही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद झालेली असतील तरच. 'फक्त इरॅडिएटेड रक्त' हे पत्र डॉक्टर नको म्हणेपर्यंत पाकिटातून काढू नका.