हेडमध्ये जाम झालेला सायलेन्सरचा स्टड सोडवताना

कोकण किनारपट्टीवर काही पावसाळे काढलेल्या मोटारसायकलचे इंजिन उघडायला घेतले, की पहिली अडचण बहुतेक वेळा सायलेन्सरच्या बेंड पाइपपाशी येते. हा पाइप हेडला (इंजिनाच्या सिलिंडरवरच्या झाकणाला) धरून ठेवणारे स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेले बिनडोक्याचे बोल्ट, पोलादाचे असतात आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. खारी हवा, पावसाचे पाणी आणि रोजचे तापणे-निवणे यांमुळे बाहेरच्या बाजूला नट स्टडवर गंजाने धरतो, तर आतल्या बाजूला स्टडच्या आट्यांभोवती ॲल्युमिनियमचा पांढरा क्षार साचून तो हेडमध्ये घट्ट रुततो. या दोन वेगळ्या जागा आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत, हे आधी समजून घ्यावे, कारण अशा ठिकाणी तुटणारे बहुतेक स्टड ताकद कमी पडल्यामुळे नव्हे, तर घाईमुळे तुटतात.

काम ज्या दिवशी करायचे, त्याच्या आदल्या संध्याकाळीच सुरुवात करावी. तारेच्या ब्रशने नट आणि बाहेर आलेले आटे स्वच्छ करून त्यांवर गंज सोडवणारे स्प्रेचे तेल मारावे. ते नसेल तर रॉकेल किंवा डिझेलही चालते, मात्र त्याला जास्त वेळ लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून आट्यांमधली फट त्याने ठासून भरलेली असते आणि तेलाला आत शिरायला वाटच नसते. ती वाट हातोडीने करून द्यावी लागते. स्टडच्या टोकावर एक जुना नट टोकाबरोबर येईल असा चढवावा, म्हणजे आटे चेपत नाहीत, आणि मग त्यावर सरळ रेषेत हलक्या हाताने वीस-पंचवीस ठोके द्यावेत. त्यामुळे गंजाला बारीक तडे जातात. नंतर पुन्हा तेल मारून रात्रभर तसेच ठेवावे.

पान्याबद्दल मी फार आग्रही आहे. इथे सहा कोनांचा गोटी पानाच (सॉकेट) वापरावा, कारण तो नटाच्या सपाट बाजूंवर जोर देतो. बारा कोनांचा रिंग पाना कोपऱ्यांनाच धरतो आणि गंजून झिजलेला नट क्षणात गोल करून टाकतो. उघड्या तोंडाच्या पान्याला तर अशा नटाजवळ नेऊही नये. पान्याला लांब पाइप लावण्याची सवय ८ मिलिमीटरच्या स्टडसाठी घातक आहे आणि ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी त्याहूनही.

जोर लावताना आधी नट किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवून पाहावा, मग सोडण्याच्या दिशेने. गंजाची पकड मोडली की हाताला ‘कट्’ असा स्पष्ट झटका जाणवतो आणि नट थोडा सरकून थांबतो. याउलट स्टड पिळला जात असेल, तर पाना मऊ लागतो, रबर ताणल्यासारखा हळूहळू पुढे जातो आणि हात सैल सोडताच थोडा मागे येतो. हा मऊपणा जाणवला की तत्क्षणी थांबावे. सुटू लागलेला नटसुद्धा एका दमात काढू नये. पाव फेरा सोडावा, थोडा परत आवळावा, तेल घालावे, पुन्हा सोडावा. असे केल्याने आट्यांतला भुगा बाहेर पडतो, नाहीतर तोच पुढे साचून नट अर्ध्यावर अडकतो. नटाबरोबर अख्खा स्टडच बाहेर आला तर ते चांगलेच झाले असे समजावे, कारण तो तसाही बदलायचाच असतो.

तेलाने काम झाले नाही तर उष्णता वापरावी, पण त्याआधी पेट्रोलची टाकी उतरवावी, सांडलेले तेल पुसून घ्यावे आणि ब्रेक साफ करण्याचे द्रव्य मारलेल्या भागावर ज्योत अजिबात धरू नये. त्यांतल्या काही द्रव्यांपासून तापल्यावर विषारी वायू निघतो. नट स्टडवर धरला असेल तर टोकदार ज्योतीने फक्त नट पटकन तापवावा. स्टड हेडमध्ये रुतला असेल तर स्टडला नव्हे, त्याभोवतीच्या हेडला ऊब द्यावी. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे दोन्ही धातूंचे तापमान १२० अंशांनी वाढले तरी ८ मिलिमीटरच्या छिद्रात सुमारे एक शतांश मिलिमीटरचा फरक पडतो, आणि कित्येकदा तेवढाच पुरतो. हेडवर टाकलेला पाण्याचा थेंब तडतडून उडू लागला की पुरे. ॲल्युमिनियम वितळण्यापूर्वी लाल होत नाही, म्हणून रंगाची वाट पाहणाऱ्याचे हेड वाया जाते. तापलेल्या आट्यांना मेणबत्ती टेकवली, तर वितळलेले मेण आत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते. मग स्टडवर दोन नट एकमेकांवर आवळून खालच्या नटाने स्टड फिरवावा. ही ऊब फक्त सायलेन्सरच्या स्टडसाठी आहे. हेडचे मुख्य नट इंजिन पूर्ण थंड असतानाच सोडावेत, नाहीतर हेड वाकण्याचा धोका असतो.

इतके करूनही स्टड तुटला आणि तुकडा थोडा बाहेर उरला, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, कारण वेल्डिंगची उष्णताही पकड मोडायला मदत करते. तुकडा आतच राहिला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून लहान ड्रिलपासून सुरुवात करावी. इजी-आऊट, म्हणजे ड्रिलच्या छिद्रात उलटा फिरवून तुकडा बाहेर काढण्याचा खिळा, मात्र जपून वापरावा. तो अतिशय कठीण पोलादाचा असल्यामुळे आत तुटला तर साधे ड्रिल त्यावर चालत नाही. मध्य साधण्याची खात्री नसल्यास हेड सरळ लेथवाल्याकडे न्यावे.

नवे स्टड बसवण्यापूर्वी हेडमधले आटे टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) फिरवून साफ करावेत आणि आट्यांना उष्णता सोसणारे तांब्याचे ग्रीस लावावे. ग्रीस लावल्यावर नट तेवढ्याच जोराने जास्त आवळला जातो, म्हणून हात राखून आवळावे. गॅस्केट नवे घालावे आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. इंजिन एकदा चांगले तापवून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मग दोन्ही नटांवर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.