सायप्रस बोन्साय: दाट पालवीची छाटणी आणि निगा

सायप्रसचं (मोरपंखीच्या कुळातल्या झाडाचं) बोन्साय बाहेरून गच्च हिरवं दिसत असेल तर खूश होण्याआधी एक तपासणी करा. पालवीचा थर दोन बोटांनी अलगद बाजूला सारा आणि आत खोडाकडे बघा. वरचा थर हिरवा आणि त्यामागे तपकिरी, वाळलेली, हात लावताच गळणारी पालवी असं चित्र असेल, तर झाडाला छाटणी हवी आहे. ती पुढच्या वर्षावर ढकलू नका.

घाई अशासाठी की या झाडाला जुन्या, उघड्या लाकडातून नवा फुटवा जवळपास येतच नाही. वड, पिंपळ किंवा बोगनवेल वाढवून आपल्याला वेगळी सवय झालेली असते. फांदी पार बोडकी केली तरी काही आठवड्यांत डोळे फुटतात. सायप्रसच्या फांदीवर जिथवर हिरवं आहे, तिथवरच ती जिवंत धरायची. आतली हिरवी डहाळी सावलीत मेली की ती जागा कायमची रिकामी झाली. म्हणून इथे छाटणी करायची ती आतल्या हिरव्यापर्यंत उजेड पोहोचावा म्हणून. बाहेरचा आकार राखणं हे दुसरं काम.

जपानच्या हिनोकी सायप्रसकडे पाहिलं की हा स्वभाव नीट कळतो. दाट जंगलात या झाडाच्या खालच्या फांद्या सावलीत आपोआप वाळत जातात आणि उंच, सरळ, कमी गाठींचं खोड तयार होतं. लाकूडकामाला ते सोन्यासारखं. जपानमधल्या इसे शहरातलं देवस्थान दर 20 वर्षांनी नव्याने बांधतात (मागचं बांधकाम 2013 साली पूर्ण झालं), तेही याच लाकडात. कुंडीत मात्र हाच गुण आपल्या मुळावर येतो, कारण खालच्या आणि आतल्या फांद्यांवरच तर बोन्सायचं सगळं सौंदर्य असतं.

आपलं झाड कोणतं?

हिनोकीची पालवी आडव्या पंख्यांसारखी पसरते. पंखा उलटा केला की पानांच्या सांध्यांवर पांढऱ्या, बारीक रेघा दिसतात. हे थंड हवेचं झाड आहे, मैदानी उन्हाळ्यात त्याला फार जपावं लागतं. आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक नर्सरीत मिळणारी मोरपंखी याच कुळातली, आणि गच्चीवर शिकायला मी तीच सुचवेन. तिचे पंखे पुस्तकाच्या पानांसारखे उभे असतात आणि दोन्ही बाजूंनी सारखेच हिरवे. त्यामुळे हिनोकीसारखे आडवे, सपाट थर तिच्यात सहज जमत नाहीत. उभट, गोलसर पुंजके ठेवले तर ती जास्त खुलते. तिच्यावर निळसर, शिंगं असलेली फळं धरतात. बोन्सायवर ती कोवळी असतानाच खुडून टाका, म्हणजे झाडाची ताकद वाढीसाठी उरते. खालच्या पायऱ्या दोघींनाही लागू आहेत.

केव्हा करायची

मोठी विरळणी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, नवी वाढ सुरू होण्याच्या तोंडावर. पावसाळ्यात वाढ जोरात असते तेव्हा हलकी छाटणी करत राहायची, कारण ओल्या हवेत गच्च पालवी कोंडली की बुरशी धरते. एप्रिल-मे मध्ये कातर बाजूला ठेवा. आतापर्यंत सावलीत असलेली कोवळी पालवी अचानक कडक उन्हात उघडी पडली की भाजते.

पहिलं काम: साफसफाई

अणकुचीदार टोकाची कातर, एक चिमटा, पाती पुसायला स्पिरिट आणि खाली अंथरायला जुनं वर्तमानपत्र, एवढं पुरे. या झाडांचा चीक बोटांना आणि पात्यांना चिकटतो, तेव्हा पाती मधूनमधून पुसत राहा.

आधी फक्त वाळलेलं काढा. चिमट्याने आणि बोटांनी, खोडापासून बाहेरच्या दिशेने. दर वर्षी थोडी जुनी पालवी आतून तपकिरी होऊन गळणं नैसर्गिक आहे, त्याने घाबरू नका. पण हे काढताना आत एखादी बारीक, फिकट हिरवी डहाळी जिवंत सापडली तर तिला अजिबात हात लावू नका. पुढची फांदी तिच्यातूनच घडणार आहे. उरलेली सगळी छाटणी तिला ऊन मिळावं म्हणूनच आहे असं समजा.

त्यानंतर प्रत्येक फांदीच्या खालच्या बाजूला लोंबणारी पालवी काढा आणि बेचक्यातून सरळ वर उठलेले जोमदार फुटवे काढा. इतक्यानेच थर एकमेकांपासून सुटे होतात आणि खालच्या फांदीवर उजेड पडायला लागतो. बऱ्याच झाडांना पहिल्या वर्षी एवढंच पुरतं.

दुसरं काम: पंख्याची विरळणी

हे सावकाश करायचं काम. एक पंखा डाव्या हाताच्या तळव्यावर पसरून ठेवा. मधोमध एक दांडा, त्याला दोन्ही बाजूंनी उपफाटे आणि सगळ्यात पुढे गेलेला मधला शेंडा. हा मधला शेंडा मागच्या उपफाट्यापर्यंत कापायचा. कातरीचं टोक बेचक्यात घाला, दांडा नेमका दिसू द्या आणि मगच दाबा. पातं हिरव्या खवल्यांवरून आडवं गेलं तर कापलेली कड थोड्या दिवसांत तपकिरी पडते आणि झाड दुरून भाजल्यासारखं दिसतं. कुंपणाची मेंदी कापतात तशी वरवर सपासप कातर चालवली की नेमकं हेच होतं. शिवाय कापलेली टोकं आणखी फुटून बाहेरचा थर अधिकच दाट होतो, आणि आतला अंधार वाढतो.

नखाने शेंडे खुडत राहण्याची पद्धतही पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. एखादा कोवळा, पुढे गेलेला फुटवा खुडायला हरकत नाही. झाडावरचे सगळे शेंडे एकदम खुडू नका. वाढती टोकं हीच झाडाची ताकद असते, ती सगळी गेली की झाड खंगतं.

एकाच जागेतून तीन-चार फाटे निघाले असतील तर दोन ठेवा. ठेवायचे ते बाजूला जाणारे, जाडीने मध्यम. मुद्दा जाडजूड फाट्याचा आहे: तो देखणा असला तरी काढा, नाहीतर दोन वर्षांत तोच बाकीच्यांना झाकून टाकतो.

वरचा भाग आणि खालचा भाग सारखे कापू नका. झाडाचा जोर शेंड्याकडे असतो, म्हणून वर जास्त विरळ करा आणि खालच्या, आतल्या फांद्यांना जवळजवळ तसंच सोडा. एका वेळी एकूण हिरव्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नये. अंदाज येत नसेल तर एक चतुर्थांशावर थांबा.

फांदी लांबून उघडी पडली असेल तर

हिरवं फक्त टोकाला आणि मागे वीतभर कोरी काठी, अशी फांदी कापून आखूड करता येत नाही. हिरव्याच्या मागे कापलं की ती मरते. अॅल्युमिनियमची तार गुंडाळून तिला नागमोडी वळणं द्या, म्हणजे टोकाचं हिरवं खोडाजवळ येतं. पावसाळ्यात फांदी भराभर जाड होते, तेव्हा तार रुतते आहे का ते दर पंधरवड्याला बघा. काढताना ती उलगडू नका, तुकडे करून काढा. अगदीच निरुपयोगी फांदी असेल तर ती मुळाशी कापण्याऐवजी साल सोलून वाळकं लाकूड म्हणून ठेवता येते, आणि या कुळातल्या झाडांवर ते शोभतंही.

छाटणीनंतर

दोन-तीन आठवडे झाड सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी ठेवा. नवी वाढ दिसेपर्यंत खत नको. माती पूर्ण कोरडी पडू देऊ नका: सायप्रसची पानं कोमेजून तहान दाखवत नाहीत, आणि रंग फिका पडलेला दिसतो तोवर उशीर झालेला असतो. उलट पाणी तुंबलं तर मुळं कुजतात. विटांचा चुरा, जाड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत असं निचऱ्याचं मिश्रण चांगलं. संततधारेत कुंडी पत्र्याखाली घ्या.

मार्च ते मे या कोरड्या दिवसांत लाल कोळी ही बारीक कीड खरा शत्रू. पालवी धुळकट, राखाडी वाटायला लागली की फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटका. कागदावर ठिपके चालताना दिसले तर कोळी आहे. पालवी खालच्या बाजूनेही पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा धुवा. कडुनिंबाचं तेल फवारायचं तर पातळ करून, ऊन उतरल्यावर. विरळणी झालेल्या झाडावर हे पाणी आतपर्यंत पोहोचतं.

कुंडी बदलायची असेल तर ती याच हंगामात उरकू नका. मुळं आणि पालवी एकदम कापली की सायप्रस सावरायला फार वेळ घेतो. छाटणी या वर्षी केली असेल तर कुंडी पुढच्या फेब्रुवारीत बदला.