टू-इन-वनच्या विटलेल्या स्पीकरना पुन्हा काळा रंग

१९८०च्या दशकातील टू-इन-वनमधल्या (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र असलेल्या संचातल्या) स्पीकरचे काळे कागदी कोन, म्हणजे आवाज काढणारे शंकूच्या आकाराचे पडदे, उन्हाने विटून करडे-तपकिरी दिसू लागले, तरी कागद शाबूत असेल तर स्पीकर बदलण्याची मुळीच गरज नसते. प्रथम मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडावी. मग काजळीची काळी जलरोधक शाई बारीक ब्रशवर घेऊन, ब्रश फडक्यावर टिपून, मधल्या टोपीकडून कडेकडे एकच पातळ हात द्यावा. जाड थराने कोनाचे वजन वाढून आवाज दबतो आणि ओघळलेली शाई सांध्यातून व्हॉइस कॉइलपर्यंत, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यापर्यंत, पोहोचू शकते. मार्करने बहुधा जांभळट झाक येते, म्हणून तो टाळलेलाच बरा. कडेच्या फोमला किंवा रबराला शाई लागू देऊ नये. रात्रभर वाळल्याखेरीज संच सुरू करू नये.