शिमग्याआधी वाडीने करायची वणव्याची तयारी

दिवाळी झाली, डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागलं, की आम्हा कोकणातल्या वाड्यांनी कामाला लागायला हवं. फेब्रुवारी ते मे हे वणव्याचे महिने. विहिरींचं पाणीही तेव्हाच तळाला जातं. डोंगर एकदा पेटला की हातात फक्त पळापळ उरते.

सुरुवात शेजारच्या बंद घरापासून करा, आपलं घर मग घ्या. हे मी मुद्दाम सांगतोय. चाकरमानी शिमग्याला आणि मे महिन्यात येणार, तोवर त्यांच्या पडवीत आंब्या-फणसाचा पाचोळा साचत राहतो. लोकांना वाटतं, आग गवतातून सरपटत दारापर्यंत येते आणि मग घर पेटतं. पण पुष्कळदा आधी ठिणग्या येतात. वाऱ्यावर शेकडो मीटर उडून त्या कौलांच्या फटीत आणि माळ्यावर जाऊन पडतात. मागे एका बंद घराच्या कौलाखाली हात घातला, तर ओंजळभर चुरा निघाला. इतका कोरडा, की बोटांत धरताच त्याचं पीठ झालं. वासे आणि रिपा त्याला टेकलेल्या. त्या घराच्या दोन्ही बाजूंना माणसं राहत होती. तेव्हा मुंबईला आत्ताच फोन लावा, साफसफाईला होकार घ्या आणि किल्ली कुणाकडे आहे ते विचारून ठेवा.

मग आपलं घर. भिंतीपासून 5 फुटांपर्यंत पेटेल असं काही नको. आपल्याकडे नेमकी तिथेच जळाऊ लाकडं रचलेली असतात, वर गोवऱ्या, कोपऱ्यात माडाची चुडतं. हे सगळं निदान 30 फूट लांब न्या. पेंढ्याची उडवी गोठ्याला खेटून असेल तर तीही हलवा. वैरण आणायला चार पावलं जास्त पडतील, पडू द्यात. छपरावर आलेल्या फांद्या तोडा, पन्हळी झाडा, फुटकी कौलं बदला. तारांना झाड घासत असेल तर वायरमनला सांगा, स्वतः कोयती घेऊन चढू नका.

बागेच्या आणि वाडीच्या डोंगराकडच्या बाजूला जाळरेषा हवी. 10 ते 15 फूट रुंद पट्टा, गवत मुळापासून काढून लाल माती दिसेपर्यंत. शक्यतो कापून आणि खरवडूनच करा. पट्टा जाळून काढताना आग हातची सुटून अनेकांची कलमं गेली आहेत. उतारावरचं गवत आधी घ्या, कारण आग चढावर धावते: उतार 10 अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यात दुपारचे खारे वारे तिला वरच ढकलतात. म्हणून डोंगराच्या पोटात घर असलेल्यांनी खालच्या बाजूचा पट्टा अजून रुंद ठेवावा.

पाण्यासाठी नवीन काही विकत घ्यायला नको. आंब्याच्या फवारणीचा पंप, लांब नळी आणि टाकी बहुतेक बागायतदारांकडे असतेच. औषध नीट धुऊन काढा, टाकी भरून ठेवा, पंपात इंधन आहे ना ते दर आठवड्याला बघा. ग्रामपंचायतीच्या सभेत एक यादी करा: कुणाकडे पंप, कुणाकडे टेम्पो, कुठल्या घरात म्हातारी माणसं एकटी, कोण अंथरुणाला खिळलेलं. त्या माणसांना आधी कोण उचलणार, त्याचं नाव पुढे लिहा. नाव न लिहिलेलं काम कुणीच करत नाही. वनविभागाचा 1926 आणि आपत्कालीन 112 हे नंबर मोठ्या अक्षरांत देवळाच्या भिंतीवर लावा, वनरक्षकाचा मोबाइल नंबर प्रत्येकाकडे असू द्या.

विझवायला जाणाऱ्यांनी सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घालावेत. नायलॉन अंगाला चिकटतं. आगीच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहू नका. ओल्या डहाळ्यांनी कडेकडेने झोडपत या. एकटं जायचं नाही, मुलांना तर न्यायचंच नाही. ज्वाळा माणसाच्या उंचीच्या झाल्या तर मागे फिरा. बाग पुन्हा लावता येते.

निघायची वेळ आली तर गुरांची दावी सोडा, गोठ्याचं दार उघडं टाका. आधार, रेशनकार्ड, बँकेची पासबुकं, रोजची औषधं एका पिशवीत दाराजवळ टांगलेली असू द्या. कलमांची नोंद सातबाऱ्यावर आहे ना ते आजच तपासा आणि बागेचे फोटो काढून ठेवा, पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतात.

आग विझली म्हणून लगेच झोपू नका. माळा, कौलांखालची जागा, गोठ्याचं छप्पर आणि लाकडांचा ढीग रात्रभर तासातासाला बॅटरी घेऊन बघा. बंद घरांचेही माळे बघा, किल्ल्या त्यासाठीच मागवल्या आहेत.