जाळीची शाल आणि दोऱ्याचा आधार
आईसाठी पानांच्या नक्षीची जाळीची शाल विणतेय, ओळीला 121 टाके, आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीच्या आसपास एक टाका सुटला तो थेट सात ओळी खाली गेला, खरंच रडू आलं. जाळीत सुईवर धागा घेऊन भोक पडतं आणि दोन टाके एकत्र विणून संख्या जुळते, त्यामुळे सुटलेला टाका क्रोशाने उचलणं साध्या विणीइतकं सोपं नसतं. बऱ्याच ओळी उसवल्या.

आता दर दहा ओळींनी, उलट टाक्यांची साधी ओळ संपली की बोथट सुईत गुळगुळीत सुती दोरा ओवून सगळ्या टाक्यांतून घालते (मार्करमधून, म्हणजे खुणेसाठी सुईवर घातलेल्या कडीतून नाही हं, तो अडकतो). चुकलं तर दोऱ्यापर्यंतच उसवायचं. नक्षीची ओळ मात्र घरीच, शांतपणे. काल 96वी ओळ झाली, पानाचं टोक इतकं सुंदर आलंय!