प्लॅन तीनशेचा, स्पीड चौऱ्याण्णवचा: घरातली लॅन वायर कशी तपासावी आणि दुरुस्त करावी

फायबर घेतलं, प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, आणि वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर कितीही वेळा स्पीड तपासला तरी आकडा ९३, ९४, फार तर ९५. सकाळी तेवढाच, रात्रीही तेवढाच. असं असेल तर तक्रार नोंदवण्याआधी जरा थांबा. बाहेरून येणारं नेटच कमी पडत असतं, तर आकडा वरखाली झाला असता, संध्याकाळी गर्दीच्या वेळी घसरला असता. ९४ वर ठाण मांडून बसलेला आकडा सांगतो की घरातलाच कुठला तरी सांधा १०० च्या चालीने चाललाय. उरलेले पाच-सहा डेटाच्या बांधणीत खर्च होतात.

लॅन वायरमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच पुरतात, केशरी आणि हिरवी. १००० ला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली, तरी दोन्हीकडची यंत्रं मुकाट्याने १०० वर येतात. दिवा लागतो, नेट चालतं, व्हिडिओ दिसतो. म्हणून वर्षानुवर्षं कुणाला संशय येत नाही, आणि लोक प्लॅन मात्र वाढवत राहतात.

आधी डब्यापाशी तपासा

फायबरवाल्याने भिंतीवर लावलेला डबा म्हणजे ओएनटी. घरातली बाकीची सगळी वायर त्यातून काढा आणि एक चांगली, कारखान्यात तयार झालेली छोटी लॅन केबल लावून लॅपटॉप थेट जोडा. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर लागतो. तो गिगाबिटचाच, म्हणजे १००० चा घ्या, कारण स्वस्तातले पुष्कळ अडॅप्टर स्वतःच १०० चे असतात आणि दोष भिंतीतल्या वायरीवर येतो. टीव्हीवर चाचणी करू नका. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्टसुद्धा १०० चंच असतं.

डब्याची मागची बाजूही वाचून घ्या. काही डब्यांवर एकच पोर्ट गिगाबिटचं असतं आणि बाकीची १०० ची. त्यांच्यापाशी ‘जीई’ आणि ‘एफई’ अशी अक्षरं छापलेली असतात. वायर ‘एफई’त खोचलेली असेल तर ती काढून ‘जीई’त लावा, कदाचित काम तिथेच संपेल.

डब्यापाशीच ३०० मिळत नसतील तर प्रश्न अलीकडे नाही, पलीकडे आहे. डब्याच्या मागे छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकून आत गेलात की ‘ऑप्टिकल पॉवर’, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते. उणे ८ ते उणे २७ डीबीएम ही साधारण चालणारी कक्षा. आकडा कडेला, म्हणजे उणे २५ च्या पलीकडे सरकला असेल तर तो लिहून ठेवा आणि तक्रारीत तोच सांगा. ‘नेट स्लो आहे’ म्हणण्यापेक्षा ‘पॉवर उणे २८ येतेय’ म्हटलं की माणूस लवकर येतो. बरेचदा डब्याच्या मागे फायबरची पिवळी केबल बोटाएवढ्या वेटोळ्यात दुमडून खिळ्याला अडकवलेली असते. ती सैल सोडा, वेटोळं बांगडीएवढं ठेवा. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्या टोकाच्या जागी बसवू नका, हिरव्याचं तोंड ८ अंश तिरकं घासलेलं असतं आणि निळ्याचं नसतं. आणि काढलेल्या फायबरच्या टोकात डोकावून बघू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

मग सांधा शोधा

डब्यापाशी पूर्ण स्पीड आला, खोलीत ९४ येतोय. आता लॅपटॉप खोलीतल्या वायरीला लावा. विंडोजमध्ये सेटिंग्जमध्ये नेटवर्क, तिथे इथरनेट, आणि त्यात ‘लिंक स्पीड’ बघा. तिथे १००/१०० दिसलं तर दुखणं त्या वायरीत किंवा मधल्या पेटीत आहे. १०००/१००० असूनही नेट कमी असेल तर वायर बहुधा निर्दोष आहे, फक्त वायर कसली आहे आणि जोड्या कशा लावल्यात तेवढं खाली सांगितल्याप्रमाणे बघून घ्या.

डब्यापासून खोलीपर्यंत जे जे मध्ये येतं ते एकेक करून बाजूला काढा. पहिला संशय लॅनच्या स्विचवर, म्हणजे एका वायरीवरून अनेक यंत्रं जोडणाऱ्या पेटीवर घ्या. कॅमेऱ्यांसाठी दहा वर्षांपूर्वी बसवलेला पाच पोर्टचा स्विच हमखास १०० चा असतो. दुसरा संशय जुन्या राउटरवर, ज्याची वायफाय चांगली म्हणून तो अजून ठेवलाय. त्याचे पोर्टही १०० चे असू शकतात. हे दोन्ही वगळून थेट वायर जोडली तरी १००च राहिला, तर मग वायरीकडे वळा.

घरातल्या वायरीत चार गोष्टी नेहमी सापडतात. पहिली, एकाच केबलमधून दोन कामं: केशरी-हिरवी नेटला आणि निळी-तपकिरी टेलिफोनला, नाहीतर कॅमेऱ्याला वीज द्यायला. वायरमनच्या दृष्टीने बचत झाली, तुमचा स्पीड गेला. दुसरी, माळ्यावर कुठेतरी वायर कमी पडली म्हणून तारा पिळून वर काळी टेप गुंडाळलेला जोड. तिसरी, तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर. ब्लेडने एक तार खरवडा. आत चांदीसारखा पांढरा रंग दिसला की समजा. असल्या तारेचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो, आणि दोन-चारदा वाकवली की तुटते. ती दुरुस्त करत बसू नका, बदला.

चौथी चूक मात्र फसवी आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. वायरमन म्हणतो, ‘दोन्हीकडे रंग सारखेच लावलेत, मग चूक कसली?’ त्याने केशरीची जोडी, मग हिरवीची, निळीची, तपकिरीची असं ओळीने लावलेलं असतं. लॅनच्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात. पण लॅनमध्ये तिसरी आणि सहावी तार एका जोडीची असावी लागते. ओळीने लावलं की तिसरी हिरव्या पिळातली येते आणि सहावी निळ्या पिळातली. दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात म्हणून बाहेरचा गोंगाट रद्द होतो. वेगवेगळ्या पिळातल्या तारांची जोडी जुळवली की ते घडत नाही. कूलर किंवा पाण्याची मोटर चालू केली की नेट अडखळतं, ते बरेचदा यामुळेच. शंभर-दोनशे रुपयांचा दिव्यांचा टेस्टर ही चूक पकडू शकत नाही. ती कनेक्टर उजेडात धरून डोळ्यांनीच बघावी लागते.

टोक नव्याने मारणे

वायर तांब्याची असेल तर निम्म्याहून अधिक वेळा दोन्ही टोकं नव्याने मारली की काम होतं. लागतं काय? क्रिंपिंग पक्कड, लॅनचा टेस्टर, आणि आरजे-४५ कनेक्टर (लॅन वायरीच्या टोकाला बसतो तो प्लास्टिकचा) दहा, कारण पहिले दोन-तीन वाया जाणार. कॅट-६ (कॅट-५ई च्या वरच्या दर्जाची) वायर घेतलीत तर कनेक्टरही कॅट-६ चेच घ्या. तिच्या तारा जाड असतात, कॅट-५ई च्या कनेक्टरमध्ये त्या नीट शिरत नाहीत आणि शेवटची तपकिरी मागे राहते.

जुनं टोक चार इंच कापून टाका. बाहेरचं आवरण इंचभर सोला, आतल्या तारांना पातं लागू देऊ नका. पीळ सोडवा, तारा बोटांनी सरळ करा आणि डावीकडून अशा लावा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आता त्या सरळ रेषेत अर्ध्या इंचावर कापा. कनेक्टरची क्लिप खाली, सोनेरी दाते वर, भोक आपल्याकडे अशी धरून तारा आत सारा. समोरून बघितल्यावर आठही तांब्याचे ठिपके प्लास्टिकला टेकलेले दिसले पाहिजेत आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत आलेलं असलं पाहिजे. आवरण बाहेर राहिलं तर सगळा ताण त्या बारीक तारांवर येतो आणि सहा महिन्यांत पुन्हा ९४. मग पक्कड पूर्ण दाबा. दुसऱ्या टोकालाही हाच क्रम.

भिंतीतून येणाऱ्या वायरीला कनेक्टर मारण्यापेक्षा बोर्डात लॅनचं सॉकेट बसवणं केव्हाही चांगलं. भिंतीतली वायर एकतारी, कडक असते. तिला रोज हलवलं की ती तुटते. सॉकेटवर ए आणि बी असे दोन रंगक्रम छापलेले असतात, दोन्हीकडे बी धरा. पीळ शक्य तितका खाचेपर्यंत ठेवा. सॉकेटपासून कॉम्प्युटरपर्यंत तयार केबल वापरा.

नवी वायर ओढायची झाल्यास

बोर्ड उघडण्याआधी मेन स्विच बंद कराच, पण इन्व्हर्टरही बंद करा. भारनियमनामुळे आपल्याकडे घरोघर इन्व्हर्टर आहे, आणि मेन बंद केल्यावरही त्याच्या लाइनवरचे बोर्ड जिवंत राहतात.

जुनी वायर पाईपात मोकळी हलत असेल तर तिलाच दोर करा. नव्या वायरीचं टोक जुन्याला बांधा, टेप निमुळती गुंडाळा, एकाने खालून हळूहळू सोडा आणि दुसऱ्याने वरून ओढा. दहा-अकरा किलोपेक्षा जास्त जोर लावू नका, आतला पीळ बिघडतो. अडकली तर थोडी टाल्कम पावडर टाका, झटके देऊ नका. दोन्ही बोर्डांत फूटभर वायर जास्तीची ठेवा. दोन मजली घरात एका खोलीला सहसा २५ ते ३० मीटर पुरते.

विजेच्या वायरीच्या पाईपात लॅन घालू नका. जागा तीच एक आहे म्हणून वायरमन आग्रह धरेल, तरी नको. कुठे विजेच्या वायरीचं आवरण गेलं तर २३० व्होल्ट थेट कॉम्प्युटरपर्यंत येतात. त्यापेक्षा स्कर्टिंगवरून केसिंग पट्टी लावा. विजेच्या लाइनला समांतर जायचं असेल तर सहा-आठ इंच अंतर ठेवा, ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा. गच्चीवरून न्यायची झाली तर काळ्या जाड आवरणाची बाहेरची केबल घ्या. घरातली पांढरी-करडी पीव्हीसी वायर परभणी-नांदेडच्या दोन उन्हाळ्यांत तडकते, आणि मग पावसाचं पाणी आत झिरपतं. डबा किंवा स्विचही पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. मे महिन्यात तिथे हात ठेववत नाही.

दगडी भिंती आणि शेतातला आखाडा

जुन्या माळवदाच्या घरात दीड-दोन फुटांच्या दगड-मातीच्या भिंती असतात. ५ गिगाहर्ट्झची वायफाय अशा एका भिंतीतच दमते. तिथे महागडा राउटर घेण्यापेक्षा आतल्या खोलीत एक लॅन वायर न्या आणि तिच्या टोकाला पडून असलेला जुना राउटर लावा. त्याची डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, पत्ता मुख्य डब्यापेक्षा वेगळा द्या, आणि वायर त्याच्या वॅन (बाहेरचं नेट घेणाऱ्या) नव्हे तर लॅन पोर्टात लावा. फक्त त्याचे पोर्ट गिगाबिटचे आहेत ना, ते बघून घ्या, नाहीतर पुन्हा तेच चौऱ्याण्णव.

घरापासून आखाड्यापर्यंत, म्हणजे शेतातल्या वस्तीपर्यंत, किंवा गोठ्यापर्यंत नेट न्यायचं असेल तर तांब्याची लॅन वायर वापरू नका. तिची मर्यादा १०० मीटर आहे, हे एक. दुसरं अधिक महत्त्वाचं: एप्रिल-मेमधल्या अवकाळीत वीज जवळ पडली, की दोन इमारतींमधली तांब्याची तार तो धक्का दोन्हीकडच्या यंत्रांत पोचवते. तिथे एक कोअरची फायबर ड्रॉप केबल टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन वायर यांना जोडणारी छोटी पेटी लावा. केबलमध्ये लोखंडी आधारतार असेल तर ती इमारतीच्या बाहेरच खुंटीला बांधून कापा, आत आणू नका. कन्व्हर्टर जोडीनेच घ्या, एक ए आणि एक बी, दोन्ही ए घेतले तर दिवाच लागणार नाही. दुकानात १०० चे कन्व्हर्टरही मिळतात, दिसायला अगदी तसेच, म्हणून खोक्यावर १००० लिहिलंय का ते वाचूनच पैसे द्या. काळ्या रानातून जमिनीखालून न्यायची असेल तर पाईपातून न्या आणि दोन्ही टोकांना दोन-तीन मीटर वेटोळं जास्तीचं सोडा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि ताणून बसवलेली केबल त्यात तुटते.