मुंबईच्या घरात गोल्ड डस्ट डे गेको कशी सांभाळावी

उत्तर मादागास्करची ही पाल शेपटीसकट 10 ते 13 सेंटीमीटर भरते. अंग पोपटी, मानेवर सोनेरी ठिपके, कमरेवर तीन लाल पट्टे. आधी कागद बघा: फेल्सुमा पाली (हिचीच प्रजाती) साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत आहेत, त्यामुळे 2024 च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागदपत्रांशिवाय मिळणारी पाल घेऊच नका.

एकीला 45 × 45 × 60 सेंटीमीटरची उभी काचपेटी पुरते. दोन नर कधीही एकत्र ठेवू नका, एकमेकांना फाडतात. आत पोकळ बांबू उभे-आडवे लावा, मनी प्लांट आणि स्नेक प्लांट लावा. झाकण जाळीचंच हवं. काचेतून यूव्हीबी किरण (उन्हात असतात ते अतिनील किरण) जात नाहीत, म्हणून यूव्हीबीची ट्यूब जाळीवर ठेवून रोज बारा तास चालू ठेवा आणि उजेड चांगला दिसत असला तरी वर्षभरात बदला. वरच्या बांबूपाशी 30 ते 32 अंश, खाली 25 ते 28. पेटी खिडकीतल्या उन्हात ठेवलीत तर काही मिनिटांत आतली पाल भाजून निघेल.

खरी कसोटी आपल्या हवेची. मे महिन्यात खोलीच 33 अंशांवर जाते, तेव्हा उष्णतेचा बल्ब बंद, यूव्हीबी चालू. पावसाळ्यात ओलावा फुकट मिळतो, पण कोंडलेल्या पेटीत बुरशी धरते; संध्याकाळची पाण्याची फवारणी थांबवा, एका बाजूलाही जाळी असू द्या. एसीच्या खोलीत उलटं होतं. कात बोटांना चिकटून राहते, पकड सुटते, बोटही गळू शकतं. पांढुरकी कात दिसली तर ओढू नका, फवारणी वाढवा. पाणी ती पानांवरचे थेंब चाटून पिते.

दिवसाआड तीन-चार छोटे रातकिडे, कॅल्शियम पावडर लावून. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. आठवड्यातून एकदा पिकल्या पपईचा गर द्या, मुंग्या लागायच्या आत उचला. घरातले किडे पकडून घालू नका, पेस्ट कंट्रोलचं विष त्यांच्या पोटात असतं.

हातात अजिबात धरू नका: कातडी इतकी नाजूक की चिमटीत फाटते. हलवायची तर बांबूसकट हलवा.

मादीच्या मानेच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पिशव्या फुगलेल्या दिसतात. ती गाठ नव्हे, अंड्यांसाठीचा कॅल्शियमचा साठा. पिशव्या आटल्या आणि जबडा मऊ लागला, तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या.